बरं वाटणारं पुस्तक आणि बरं करणारं पुस्तक

मन ठीक नसताना पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या माणसाची मोठी पंचाईत असते. निवड करायला जे डोकं लागतं, तेच नेमकं थकलेलं असतं. लक्ष लागत नाही, निर्णय घेणं जड जातं आणि ‘हे तरी लागू पडेल’ ही आशा मात्र भलतीच तीव्र असते. मग ज्या मुखपृष्ठावर सगळ्यात मोठं आश्वासन छापलेलं असतं, ते पुस्तक घरी येतं. दोन प्रकरणं वाचून हुरूप येतो, चौथ्या प्रकरणात खूण अडकते, आणि काही महिन्यांनी त्याच्यावर दुसरं पुस्तक येऊन बसतं.

दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा नसतो. वाचताना बरं वाटणं वेगळं आणि वाचल्यामुळे बरं होणं वेगळं. बरीचशी स्वमदत पुस्तकं पहिल्या कामासाठी लिहिलेली असतात. दुसऱ्या कामाचीही पुस्तकं आहेत आणि ती ओळखताही येतात, फक्त त्यांच्या खुणा मुखपृष्ठावर सापडत नाहीत.

पुस्तकाने खरंच कुणी बरं होतं का?

होतं. काही पुस्तकांनी, काही त्रासांत, काही अटींवर.

यावरचं सगळ्यात गाजलेलं काम अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात फॉरेस्ट स्कॉगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. डेव्हिड बर्न्स या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० साली आलं होतं. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात उभी केलेली उपचारपद्धती त्यात सामान्य वाचकासाठी मांडली आहे. तिला आज सगळे ‘सीबीटी’ म्हणतात. मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे, कागदावर उतरवायचे, पुराव्याशी ताडून बघायचे आणि त्यानुसार वागणं थोडं थोडं बदलायचं, असा तिचा गाभा. स्कॉगिन यांच्या गटाने नैराश्य असलेल्या लोकांना हे पुस्तक दिलं आणि चार आठवड्यांत त्यातले स्वाध्याय करत वाचायला सांगितलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ८० जण होते. ज्यांना पुस्तक मिळालं, त्यांच्यातले सुमारे ७० टक्के लोक चार आठवड्यांनंतर नैराश्याच्या वैद्यकीय निकषांत बसेनासे झाले. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही सुधारणा बऱ्यापैकी टिकून होती.

हा आकडा जाहिरातीत वापरायला फार सोयीचा आहे, म्हणून त्यामागच्या अटीही बघायला हव्यात. हे लोक स्वतःहून अभ्यासात आले होते. पुस्तकाला ठराविक मुदत होती. आणि दर आठवड्याला कुणीतरी फोन करून थोडक्यात चौकशी करत असे. कुठवर आलात, स्वाध्याय केलेत का, एवढंच. फोनवर उपचार होत नव्हते, पण कुणीतरी विचारणार आहे हे माहीत होतं.

हा छोटासा फोन पुढे संशोधनाचा मोठा विषय झाला. २०१० साली पिम कायपर्स या डच मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी नैराश्य आणि चिंताविकारांवरचे २१ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्या सगळ्यांत मार्गदर्शनासह स्वमदत आणि समोरासमोर बसून घेतलेले उपचार यांची थेट तुलना होती. परिणामांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. इथे ‘मार्गदर्शनासह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्याने पुस्तक वाचण्याचे परिणाम एरवी बरेच कमी असतात, मुख्यतः लोक ते अर्ध्यावर सोडतात म्हणून. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सौम्य स्वरूपाच्या नैराश्यासाठी मार्गदर्शनासह स्वमदत हा पर्याय पर्यायांच्या यादीत सगळ्यात वर ठेवला. त्यात पुस्तकासोबत प्रशिक्षित व्यक्तीच्या साधारण सहा ते आठ भेटी धरलेल्या आहेत. त्याच देशात कार्डिफच्या नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली एक योजना सुरू केली. डॉक्टरने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं आणि रुग्णाने ते ग्रंथालयातून न्यायचं. कुठलीही पुस्तकं नाहीत, तज्ज्ञांनी निवडलेल्या यादीतलीच.

तेव्हा कुठलंही पुस्तक घेण्याआधी फोन करणारं माणूस शोधा. मित्र चालेल, बहीण चालेल, डॉक्टर किंवा समुपदेशक असेल तर उत्तमच. त्याने सल्ला द्यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा ‘या वेळचा स्वाध्याय झाला का’ एवढं विचारलं तरी पुरे.

दवाखान्यात सिद्ध झालेली पद्धत पुस्तकात टिकतेच असं नाही

‘विज्ञानावर आधारित’ असं आजकाल सगळ्याच पुस्तकांवर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की आतल्या पद्धतीवर कुठेतरी संशोधन झालं आहे. पण ते तज्ज्ञाच्या खोलीत झालं की पुस्तकाच्या पानावर?

हा प्रश्न जेराल्ड रोझेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच लावून धरला. त्याने आणि सहकाऱ्यांनी सापाची भीती घालवण्यासाठी घरी एकट्याने करायचा एक लेखी कार्यक्रम बनवला होता. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची भीती खरोखर कमी झाली, पण पूर्ण करणारे जेमतेम निम्मे होते. मग त्यात सुधारणा म्हणून एक भर घातली. प्रत्येक टप्पा पार केला की स्वतःला बक्षीस द्यायचं, तसा स्वतःशी लेखी करार करायचा. कल्पना अगदी पटण्यासारखी, आजही कितीतरी पुस्तकांत सापडते. या सुधारित आवृत्तीची चाचणी घेतली तेव्हा कार्यक्रम नीट पार पाडणाऱ्यांचं प्रमाण पन्नास टक्क्यांवरून शून्यावर आलं.

ती चाचणी घेतली नसती तर ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून तोच कार्यक्रम छापला गेला असता आणि लोकांनी न जमल्याचा दोष स्वतःकडे घेतला असता. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं, कारण इथे लेखक अडाणी नव्हता, हेतू चांगला होता आणि युक्ती तर्काला धरून होती. तरी फसली. म्हणून पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट शोधावी: हेच पुस्तक, किंवा याच सूचना, लोकांना घरी वापरायला देऊन कुणी परिणाम तपासला आहे का? असं पुस्तक क्वचित सापडतं, पण सापडलं तर इतरांच्या आधी ते उचलावं.

असं एक सहज मिळणारं उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ताणतणावावर एक चित्रमय पुस्तिका काढली. ती संघटनेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते आणि अनेक भाषांत आहे. मजकूर थोडा, चित्रं भरपूर, आणि तंत्रं फक्त पाच. ध्वनिफितीसह घेतलेल्या पाच गटसत्रांसोबत हीच पद्धत युगांडात आश्रय घेतलेल्या दक्षिण सुदानमधल्या ६९४ निर्वासित स्त्रियांच्या अभ्यासात तपासली गेली आणि तीन महिन्यांनंतर सहभागी झालेल्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी भरला. जाडजूड ग्रंथच परिणामकारक असतो हा समज मोडायला ही पुस्तिका एकदा चाळून बघावी.

आधी त्रास निवडा, मग पुस्तक

‘आनंदी कसं राहावं’, ‘मनाची ताकद’, ‘सकारात्मक जीवन’ अशा रुंद विषयांची पुस्तकं सगळ्यांसाठी असतात, म्हणजे विशेष कुणासाठीच नसतात. २००८ साली रिचर्ड रेडिंग आणि सहकाऱ्यांनी चिंता, नैराश्य आणि मानसिक आघात या विषयांवरची सर्वाधिक खपाची ५० पुस्तकं तज्ज्ञांकडून तपासून घेतली. त्रासाचं निदान करायला पुस्तक मदत करतं का, प्रगती मोजायला सांगतं का, त्रास उलटला तर काय करायचं ते सांगतं का, अशा कसोट्या होत्या. वर आलेल्या पुस्तकांत काही गोष्टी समान निघाल्या. ती एका विशिष्ट त्रासावर होती, सीबीटीच्या अंगाने लिहिलेली होती आणि लेखक मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात डॉक्टरेट मिळवलेले व्यावसायिक होते.

त्रास नक्की झाला की अनुक्रमणिका बघून बरंच कळतं, कारण प्रत्येक त्रासावर काय चालतं हे आता बऱ्यापैकी माहीत आहे.

नैराश्यावरच्या पुस्तकात कृतींचं वेळापत्रक असायलाच हवं. वाटो न वाटो, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची, मग आधी आणि नंतर मनःस्थिती किती होती ते लिहायचं. १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा एकटा हा कृतींचा भाग पूर्ण उपचाराइतकाच परिणाम देताना दिसला. उलट, ‘तुम्ही असे का झालात’ याचा शोध घेण्यातच ज्या पुस्तकाची दोनशे पानं जातात, ते नैराश्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नैराश्यातला माणूस एरवीही तेच करत असतो. तेच तेच उगाळत राहिल्याने नैराश्य लांबतं, हे सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलेलं आहे.

घबराटीच्या झटक्यांवरचं चांगलं पुस्तक वाचताना सुरुवातीला ते वेडं वाटेल. ते तुम्हाला खुर्चीत बसून गरगर फिरायला सांगेल, जागच्या जागी पळून छातीत धडधड आणायला सांगेल, बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगेल. धडधड आणि चक्कर म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला शिकवण्याचा तो मार्ग आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा आजार, फिट्स, गरोदरपण असेल तर मात्र हे डॉक्टरला विचारूनच. ‘शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या’ यापुढे जे पुस्तक जात नाही, ते झटका ओसरेपर्यंत सोबत करेल, पण झटक्याची भीती तशीच राहील.

मंत्रचळाची गोष्ट अजून वेगळी आहे आणि इथे पुस्तकांनी नुकसानही होऊ शकतं. मंत्रचळात मनात एक नकोशी शंका येते आणि ती शमवण्यासाठी काहीतरी पुन्हा पुन्हा केलं जातं: हात धुणं, कुलूप तपासणं, किंवा ‘मी वाईट माणूस नाही ना’ याची खात्री करून घेणं. आता ज्याला खात्री हवी आहे त्याच्या हातात त्याच विषयाची दहा पुस्तकं दिली, तर वाचन हेच त्याचं कुलूप तपासणं होऊन बसतं. तेच पान पुन्हा उघडायचं, तेच दिलासा देणारं वाक्य पुन्हा वाचायचं, दोन तास बरं वाटायचं. यावरचा सिद्ध उपचार म्हणजे शंका मुद्दाम जागी करायची आणि ती शमवणारी कृती करायची नाही. ज्या पुस्तकात हे नाही, ते कितीही प्रेमाने लिहिलेलं असो, मंत्रचळासाठी नाही. आणि ज्यात आहे, ते एकच पुरे.

झोपेच्या बाबतीत तर चांगलं पुस्तक चक्क अंथरुणातला वेळ कमी करायला सांगतं. पाचच तास झोप लागत असेल तर सुरुवातीला अंथरुणातही जवळपास तेवढाच वेळ काढायचा, आणि झोप घट्ट झाली की तो हळूहळू वाढवायचा. पहिला आठवडा वाईट जातो. निद्रानाशावर हा उपाय भक्कम ठरला आहे, पण द्विध्रुवीय विकार (ज्यात मन कधी अचाट उत्साहाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जातं) किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांना झोप तोडणं धोक्याचं असतं. लेखकाने हा इशारा छापला आहे का, ते बघा. छापला नसेल तर बाकीचंही जपून वाचा.

खाण्याशी निगडित विकारांत अधाशासारखं खाण्याचे झटके आणि बुलिमिया (असं खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढू पाहणं) यांवर मार्गदर्शनासह स्वमदत चालते, ‘नाइस’ही ती सुचवते. वजन घातक पातळीपर्यंत खाली आणणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियावर मात्र पुस्तकावर विसंबू नये. शिवाय या विषयावरच्या ज्या आत्मकथनांत वजनाचे आणि उष्मांकांचे आकडे येतात, ती आजारी वाचकाला कधी कधी नको ते धडे देतात. लेखिका आपलं दुःख सांगत असते आणि वाचणारी मनातल्या मनात स्पर्धा लावते.

मोठ्या आघातानंतर काय झालं ते सविस्तर आठवून लिहायला लावणारं पुस्तक एकट्याने, रात्री, सोबतीला कुणी नसताना उघडू नये. त्या आठवणींना सामोरं जाणं हा उपचाराचाच भाग आहे, पण तो माणसाच्या सोबतीने करायचा. पुस्तक यात समजूत वाढवायला उपयोगी पडतं: दचकणं, स्वप्नं, बधिरपणा ही वेड लागल्याची लक्षणं नाहीत एवढं कळलं तरी मोठा भार उतरतो. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या दुःखाला तर बहुतेकांच्या बाबतीत उपचार लागतच नाहीत, आणि तिथे कादंबरी किंवा कविता हे स्वमदत पुस्तकापेक्षा चांगलं औषध असू शकतं.

‘हे तर माझ्यावरच लिहिलंय!’

पहिल्या पंधरा पानांत असं वाटलं की लोक पुस्तक विकत घेतात. हा अनुभव खरा असतो, पण पुस्तकाच्या दर्जाचा तो पुरावा नव्हे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन लिहून दिलं. वर्णन कितपत जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, पण आत कुठेतरी असुरक्षित वाटतं’ या धर्तीची वाक्यं कुणालाही लागू पडतात. स्वमदत पुस्तकांच्या सुरुवातीला लक्षणांची जी यादी असते, ती पुष्कळदा याच जातीची असते.

मागच्या मलपृष्ठावरच्या ‘या पुस्तकाने माझं आयुष्य बदललं’ या अभिप्रायांचंही तसंच. माणूस पुस्तक घेतो तेव्हा बहुधा त्याची अवस्था सगळ्यात वाईट असते, आणि सगळ्यात वाईट काळानंतर काही न करताही थोडं बरं वाटू लागण्याची शक्यता बरीच असते. श्रेय त्या दिवसांत हातात असलेल्या पुस्तकाला जातं. ज्यांना उपयोग झाला नाही, ते अभिप्राय लिहायला बसत नाहीत.

लेखकाने गृहपाठ केला आहे का?

काही समजुती अशा आहेत की त्या पुस्तकात कशा येतात, त्यावरून लेखकाची पारख होते.

पहिली, एकवीस दिवसांत सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची किंवा गमावलेल्या अवयवाची रुग्णांना सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे ‘निदान’ गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. एकविसाव्या दिवशी जमलं नाही म्हणून हात टेकणारे किती असतील, कल्पना करा.

दुसरी, राग आत ठेवू नका, उशीवर बुक्के मारून मोकळे व्हा. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी सर्वाधिक चिडलेले राहिले. नुसते शांत बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा निवळले.

तिसरी सगळ्यात लोकप्रिय आहे: आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे, मी प्रेमास पात्र आहे’ असं रोज म्हणणं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला आहे त्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटतं, आणि ज्यांचा आत्मसन्मान कमी आहे त्यांना उलट आणखी वाईट वाटतं. न पटणारं वाक्य घोकताना मन आतून त्याचं खंडन करत राहतं. म्हणजे ज्याला या उपायाची गरज आहे, त्यालाच तो बाधतो. या तीनपैकी एखादी गोष्ट पुस्तकात छातीठोकपणे सांगितलेली दिसली तर पुस्तक फेकून द्यायची गरज नाही, पण लेखकाच्या इतर दाव्यांकडेही जरा सावधपणे बघावं.

लेखकाच्या नावामागची पदवी बघताना ती कुठल्या विषयाची आहे तेही बघावं. ‘डॉक्टर’ हा व्यवस्थापनशास्त्राचाही असू शकतो. स्वतः आजारातून गेलेल्या माणसाचं आत्मकथन मला वैयक्तिकदृष्ट्या फार मोलाचं वाटतं. एकटेपणा कमी करण्याचं काम तेच करतं, पाठ्यपुस्तकी पुस्तकाला ते जमत नाही. फक्त त्याच्याकडून उपचार मागू नयेत. एका माणसाला थंड पाण्याच्या अंघोळीने बरं वाटलं, ही त्याची हकिगत झाली.

औषधांविषयी पुस्तक काय म्हणतं, ते आधी शोधून वाचावं. गोळ्या कमकुवत लोकांसाठी असतात, पुस्तकातला मार्ग धरला की त्या बंद करा, असा सूर असेल तर ते पुस्तक तिथेच मिटावं. नैराश्यावरच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, झोप उडणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. द्विध्रुवीय विकारावर दिलं जाणारं लिथियम अचानक सोडलं तर आजार जोरात उलटू शकतो. गोळ्या कमी करता येतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू.

आणि अपयशाविषयी काय म्हणतं? माझ्या मते ही सगळ्यात खरी कसोटी आहे. ‘उपयोग झाला नाही, तर तुमची इच्छाच कमी पडली’ असं सुचवणारं पुस्तक कधीच चूक ठरू शकत नाही, आणि त्याची किंमत नैराश्यातला वाचक मोजतो. चांगल्या पुस्तकात ‘अडलात तर’ अशा आशयाचं एक तरी प्रकरण असतं. स्वाध्याय जमत नसेल तर तो कसा लहान करायचा, सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर कुणाकडे जायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

पहिलं प्रकरण वाचून पुस्तक घेऊ नका, ते वाचकाला ओढून घेण्यासाठीच लिहिलेलं असतं. मधलं एखादं पान उघडा आणि तिथे तुम्हाला काही करायला सांगितलं आहे का ते बघा. रिकामे रकाने, तक्ते, प्रश्न असतील तर बरं. शक्य असेल तर ग्रंथालयातून आणून एक स्वाध्याय करून बघा आणि मगच विकत घ्या. मन थकलेलं असताना वाक्यं लहान, प्रकरणं आटोपशीर आणि अक्षर मोठं असलेलं पुस्तक निवडण्यात काही कमीपणा नाही. आणि तुम्ही स्वतःशी ज्या भाषेत भांडता, त्या भाषेतलं पुस्तक मिळत असेल तर तेच घ्या. विचार कागदावर पकडायचे असतील तर ते जसे येतात तसेच पकडावे लागतात. चांगलं पुस्तक परभाषेतच असेल, तर वाचा त्या भाषेत, पण तक्ते आपल्या भाषेत भरा.

एका वेळी एकच पुस्तक. दोन पुस्तकं समांतर चालू असली की एकातला अवघड स्वाध्याय आला म्हणून माणूस दुसऱ्यातलं सोपं प्रकरण वाचायला लागतो.

सुरुवात करण्याआधी आपली अवस्था मोजून ठेवावी. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे, जगभरचे डॉक्टर ती वापरतात. गेल्या दोन आठवड्यांविषयी उत्तरं द्यायची, गुण ० ते २७ पर्यंत. १० आणि त्यापुढचे गुण आले तर डॉक्टरशी बोलावं. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ आहे, तिचे गुण ० ते २१. दर दोन आठवड्यांनी भरून तारखेसह लिहून ठेवा. ‘मला वाटतं मी बरा होतोय’ यापेक्षा १६ वरून ११ वर आलेला आकडा जास्त विश्वासाचा.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल तर पुस्तक बाजूला ठेवून कुणाशी तरी बोलायचं, आणि विचार जवळ आलेला वाटत असेल तर त्याच दिवशी, एकटं न राहता. नसलेले आवाज ऐकू येणं, दिवसेंदिवस झोप न लागूनही अचाट उत्साह असणं, अंथरुणातून उठणंच न होणं, यांवरही पुस्तक हा उपाय नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने पुस्तक वाचून ती एका दिवसात बंद करू नये, त्यात झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नैराश्यासारखी दिसू शकते, त्यामुळे एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं.

दुसऱ्याला असं पुस्तक भेट देताना जरा थांबावं. मागितलं नसताना मिळालेलं ‘चिंता कशी सोडावी’ हे पुस्तक सल्ल्यापेक्षा शेऱ्यासारखं लागतं. द्यायचंच असेल तर आधी स्वतः वाचून एकच प्रकरण सुचवावं.

सहा ते आठ आठवडे स्वाध्याय करूनही गुण हलले नाहीत तर तज्ज्ञाकडे जाताना भरलेली वही सोबत न्यावी: विचारांचे तक्ते, कृतींचं वेळापत्रक, गुणांच्या तारखा, सोडून दिलेले स्वाध्यायसुद्धा. पहिल्या दोन भेटींत जे विचारून काढावं लागतं त्यातलं बरंचसं त्यात आधीच लिहिलेलं असतं, आणि काय करून झालं आहे हे समोर असल्यामुळे पुढचा उपचार तिथूनच सुरू करता येतो.